फुकुशिमामुळे जर्मनी खरंच कोळशाकडे वळली का?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 2011 मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पात झालेल्या अपघाताला घाबरून जर्मनीने एका रात्रीत अणुभट्ट्या बंद केल्या, त्यांची जागा कोळशाने घेतली, जपानमध्येही तेच झालं, म्हणजे अणुअपघातांनी सौर-पवन वीज वाढत नाही, धूर वाढतो. यातलं जपानचं वाक्य बरंचसं खरं आहे आणि त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात. म्हणून एकेक तपासू.

‘एका रात्रीत’

2011 च्या मार्चमध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल यांच्या सरकारने काही दिवसांत पवित्रा बदलला, हे खरं. पण अणुवीज टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा कायदा 2002 चा आहे. 2010 मध्ये मर्केल यांनीच भट्ट्यांना मुदतवाढ दिली होती, ती अपघातानंतर मागे घेतली. शेवटच्या तीन भट्ट्या बंद झाल्या 15 एप्रिल 2023 ला. ही रात्र बारा वर्षांची होती!

मुळं त्याहून मागे जातात. 1986 च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर दक्षिण जर्मनीत किरणोत्सारी पाऊस पडला. मुलांना वाळूत खेळू द्यायचं की नाही, ताजं दूध पाजायचं की नाही, हे प्रश्न घराघरांत आले. ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोनाऊ या छोट्या गावात काही पालक एकत्र आले. सुरुवात वीजबचतीपासून झाली. पुढे वीज कंपनीकडून गावातलं वीजजाळंच विकत घ्यायचं ठरलं. त्यासाठी गावात दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा ते जिंकले आणि 1997 मध्ये जाळं त्यांच्या हाती आलं. अपघाताने काय बदलतं हे मला कुठल्याही आलेखापेक्षा या गावात जास्त स्पष्ट दिसतं.

‘जागा कोळशाने घेतली’

हा दावा सरळ चुकीचा आहे. 2010 मध्ये जर्मनीत अणुवीज सुमारे 140 अब्ज युनिट होती, कोळशाची सुमारे 263 अब्ज. 2013 पर्यंत कोळसा थोडा वाढला. हा मजकूर नेमका तिथेच थांबतो. 2023 मध्ये कोळशाची वीज जवळपास निम्म्यावर आली होती आणि अक्षय वीज (सौर, पवन वगैरे) 105 अब्जांवरून 270 अब्जांच्या आसपास गेली होती. अणुवीज गेली त्याहून जास्त भर अक्षय विजेने घातली. अणुभट्ट्या चालू ठेवून आधी कोळसा बंद केला असता तर कार्बन आणखी कमी झाला असता, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पण तो वेगळा मुद्दा आहे.

‘जपानमध्येही तेच’

इथे धूर वाढलाच. अणुभट्ट्या थांबल्या आणि 2013 मध्ये 85 टक्क्यांहून जास्त वीज कोळसा, वायू आणि तेलावर होती. कारण पर्याय तयार नव्हता. देशाच्या पूर्वेला 50 हर्ट्‌झची वीज, पश्चिमेला 60 ची, म्हणजे दोन्हीकडच्या विजेची वारंवारता वेगळी, त्यामुळे ती थेट जोडता येत नाही. मधल्या जोडणीची क्षमता तुटपुंजी, त्यामुळे पश्चिमेची शिल्लक वीजही टोकियोला पुरेशी देता येईना. सौर वीज तेव्हा एक टक्काही नव्हती.

अक्षय विजेला ठरावीक दराने खरेदीची हमी देणारं विधेयक जपानी मंत्रिमंडळाने मंजूर केलं ते 11 मार्च 2011 च्या सकाळी. त्याच दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी तो भूकंप झाला, ज्यातून फुकुशिमाचा अपघात घडला. कायदा लागू व्हायला जुलै 2012 उजाडला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत सौर वीज एकूण विजेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पोचली. जर्मनीत असाच हमीचा कायदा 1991 पासून लागू होता.