आबा, आबास, आबा

कंपनीला मेक्सिकोचं काम मिळालं अन् मॅनेजरनं मीटिंगमध्ये विचारलं, स्पॅनिश कोण शिकणार? माझं लक्ष नव्हतं, मी आपली मान हलवली, विषय संपला. आता वर्क फ्रॉम होम म्हणून लातूरला आलोय आणि सकाळी सहाला ओसरीत बसून क्रियापदं घोकतोय.

गाडी अडकलीय ती 'पूर्वी मी हे रोज करायचो' वाल्या भूतकाळात. नियम सोपा, वहीत बघितला तर. शेवटी आर असलेलं क्रियापद घ्या, आर उडवा, आबा लावा. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबान. (मधे एक आब्लाबाइस पण असतंय, पण ते स्पेनवाल्यांचं, मेक्सिकोत लागत नाही, तेवढंच वाचलं.)

पहिल्याच दिवशी मोठ्यानं सुरू केलं तर आतून आमचे आबा काठी टेकत बाहेर. "काय रे, कव्हाचं आबा आबा करायलास, बोल की!" आता क्रियापद बोलण्याचंच आहे हे त्यांना कसं सांगू? मग कान्तार घेतलं, म्हणजे गाणे. कान्ताबा कान्ताबा ऐकून आईनं किचनमधून विचारलं, "कोण रे ही कांताबाई?"

त्यात मी गायचो आणि तो गायचा, दोन्हीला कान्ताबाच, पुढचंमागचं बघून ओळखायचं. आपल्याकडं गायचो, गायचास, गायचा, गायची, गायच्या एवढा पसारा, पण तो कुणी घोकल्याचं आठवत नाही.

आबांना समजावलं तर ते खाली बसलेच. १९७२ चा दुष्काळ पडला, आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, अमेरिकेची लाल मिलो यायची, तिची भाकर थापताना तुटायची, आई रडायची... अर्ध्या तासात पुस्तकापेक्षा जास्त उदाहरणं. दुष्काळ 'पडला' तेवढा वेगळ्या काळातला, कारण एकदा झालेली गोष्ट. तसा आमच्याकडं तोही पडायचाच म्हणा.

सोमवारी एर आणि इरवाली आली. त्यांना आबा नाही, ईआ. कोमेर, खाणे, कोमीआ. बिबीर, राहणे, बिबीआ (लिहितात व, म्हणतात ब, मकबऱ्याचा रस्ता विचारल्यासारखं वाटतं). नियम मोडणारी पूर्ण भाषेत तीनच, असणे, जाणे, बघणे, त्यामुळं मी खुशीत घोकत होतो.

थोड्या वेळानं आबा दारात. "काय रे, आज हाक नाही मारलीस?"

मी वही उलटी फिरवली अन् परत आब्लारपासून सुरू केलं.