साठ किलोमीटर, एकदाही मागे न बघता

गेल्या सप्टेंबरात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मी दोन दिवसांत जवळजवळ नव्वद किलोमीटर सायकल चालवली. फोटो टाकले तेव्हा खाली बहुतेकांनी "काय स्टॅमिना!" असं लिहिलं. स्टॅमिनाचा यात काडीचाही संबंध नव्हता. तेच नीट सांगायला हे लिहिते आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझं आणि सायकलचं. कॉलेजची सगळी वर्षं सहकारनगर ते डेक्कन मी सायकलवर गेले. तेव्हा पुण्यात आम्ही सगळ्याच जायचो, त्यात विशेष काही नव्हतं. मग नोकरी, लग्न, स्कूटी. २००९ साली हौसेनं पुन्हा सायकल घेतली आणि चारच महिन्यांत सिंहगड रस्त्यावर एक डंपर हँडलला घासून गेला. मी डावीकडच्या खडीत पडले. कोपराला सात टाके. डंपर थांबलाही नाही. टाके निघाले, हात बरा झाला, पण त्यानंतर सायकलवर बसलं की पाठीला घाम फुटायचा. वर्षभर ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती, शेवटी वॉचमनच्या मुलाला देऊन टाकली.

आमची लेक म्यूनिकला असते. ती म्हणाली, "आई, तुला एका ठिकाणी नेते. तिथे मागून काही येत नाही." तिनं डोंगरांबद्दल काही सांगितलं नाही, तळ्यांबद्दल नाही. एवढं एकच वाक्य. मी तयार झाले.

ते ठिकाण म्हणजे इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोलमधलं फिन्शगाउ खोरं. इटालियनमध्ये त्याला व्हाल वेनोस्ता म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला, म्हणून प्रत्येक पाटीवर दोन नावं आणि घराघरांत अजूनही जर्मन. रेशेन खिंडीजवळ आदिजे नदी उगम पावते आणि या खोऱ्यातून खाली मेरान शहराकडे उतरते. एका बाजूला ३९०५ मीटरचा ऑर्टलर, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके, उन्हानं भाजलेले उतार, आणि मध्ये खोऱ्याच्या तळाला सफरचंदांच्या बागाच बागा. युरोपीय संघातल्या सफरचंदांपैकी साधारण दहावा हिस्सा एकट्या दक्षिण टिरोलमध्ये पिकतो.

मेरानहून छोटी रेल्वे आपल्याला सव्वा तासात वर माल्सला आणून सोडते. माल्स हजार मीटरवर, मेरान सव्वातीनशेवर. स्टेशनवरच सायकल भाड्यानं मिळते आणि ती खालच्या दुसऱ्या स्टेशनवर परत करता येते. म्हणजे चढ रेल्वेनं चढायचा आणि उतार आपण उतरायचा. साठ किलोमीटर, बहुतेक सगळा उतार किंवा सपाटी. माझ्यासारखीला जमलं ते यामुळे.

माल्सला पोचल्यावर आधी बसनं वर रेशेनच्या तलावावर गेलो. पाण्यातून चर्चचा एकटा मनोरा वर आलेला दिसतो तो हाच. १९५० साली वीज प्रकल्पासाठी पाणी अडवलं, ग्राउन गाव बुडालं, १६३ घरं गेली. काठावर लोक मनोऱ्याबरोबर फोटो काढत होते. मला मात्र उजनीतलं पळसदेव आठवलं. पाणी उतरलं की देवळाचं शिखर दिसायला लागतं, आणि जुन्या गावची माणसं दर्शनाला जातात. मी तिथे फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल्सहून निघालो. मी, नवरा आणि लेक. पहिली दहा मिनिटं माझी मान सारखी उजवीकडे वळत होती. कान मागे लागलेले. ट्रकचा घरघराट येईल, हॉर्न येईल, म्हणून खांदे वर चढलेले. ग्लुर्न्स आलं. हे एवढंसं गाव, हजारभरसुद्धा वस्ती नाही, पण त्याचा सोळाव्या शतकातला तट पूर्ण शाबूत आहे. एका वेशीतून आत शिरलो आणि दुसरीतून बाहेर पडलो. पुढे नदी डाव्या हाताला आली आणि कितीतरी वेळ तिच्याखेरीज दुसरा आवाजच नव्हता. कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मी बराच वेळ मागे बघितलेलंच नाही. खांदे खाली आलेत. आणि मी झाडावरची सफरचंदं बघते आहे, रंग वेगवेगळे का आहेत याचा विचार करते आहे. डोळे भरून आले. पंधरा वर्षांची भीती अशी नकळत उतरली, आणि ती माझ्या अंगात किती होती हेही मला तेव्हाच कळलं.

रहदारी नसलेल्या रस्त्याचा हा खरा गुण. "सुरक्षित" हा शब्द त्याला पुरत नाही. मागून काही येणार नाही याची खात्री असली की माणूस बघायला लागतो, ऐकायला लागतो, शेजारी सायकल घेऊन गप्पा मारतो. त्या वाटेवर रेसवाले फार कमी दिसले. आमच्या पुढे सहा-सात वर्षांची एक मुलगी आजोबांबरोबर चालवत होती. एक आजी ॲप्रन बांधून, पुढच्या टोपलीत कोबीचा गड्डा घेऊन, आम्हाला सहज मागे टाकून गेली. लासजवळ एक बाई तीन चाकी हातसायकल हातांनी फिरवत चालली होती. (लासला संगमरवराच्या खाणी आहेत, आणि गावातले फूटपाथ चक्क पांढऱ्या संगमरवराचे!)

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही वाट बरीचशी नवी बांधलेलीच नाही. नदीचा बांध, बागांमधले शेतरस्ते, गावातल्या गल्ल्या, रुळांशेजारची पट्टी, असे तुकडे घेऊन ते जोडलेत. जिथे मोठा रस्ता आडवा येतो तिथे खालून बोगदा किंवा वरून लाकडी पूल. आपल्याकडे ज्याला पाणंद म्हणतात, तीच ही. रुंदी एक ट्रॅक्टर जाईल एवढी. आणि ट्रॅक्टर येतातही! सफरचंदांची तोड चालू होती, मागे हिरवी खोकी रचलेले ट्रॅक्टर समोरून यायचे, आम्ही कडेला थांबायचो, चालवणारा एक बोट वर करून जायचा. एका बागेशी पाणी भरायला थांबलो तेव्हा तिथल्या बाईंना लेकीनं जर्मनमधून विचारलं, की आमचा त्रास नाही का होत. त्या म्हणाल्या, वाट आमचीच आहे, तुम्ही नुसते त्यावरून जाता. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. बागांना औषध फवारतात आणि वाट बागांना अगदी खेटून जाते. माल्सच्या लोकांनी २०१४ साली सार्वमत घेऊन रासायनिक कीटकनाशकांविरुद्ध कौल दिला होता, तो उगीच नाही. शिवाय मेरानच्या अलीकडे टेलपाशी वाट एकदम वळणावळणांनी खाली कोसळते. तिथे मी ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर करून घेतली आणि शेवटची दोन वळणं उतरून चालत गेले. साठनंतरचे उरलेले तीसेक किलोमीटर, मेरान ते बोल्त्सानो, सपाट आहेत, पण दुपारी दक्षिणेकडून वारा सुटतो आणि तोंडावर येतो. तो टप्पा सकाळी करा.

मधला मुक्काम वाटेतल्या श्लांडर्सला होता. संध्याकाळी पाय मोकळे करायला पाटाच्या काठानं चालत गेलो. या खोऱ्यात पाऊस फार कमी, म्हणून शेकडो वर्षांपूर्वी वरच्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कडेनं पाट काढून शेतात आणलं. पाटाला ते वाल म्हणतात आणि राखणाऱ्याला वालर. आपला पाटकरीच. एका ठिकाणी पाटात हातभर लाकडी चाक बसवलेलं होतं. चाक फिरलं की एक हातोडी उचलली जायची आणि घंटेवर पडायची. टण... टण... लेकीनं सांगितलं, ही घंटा वाजत असते तोवर पाटकऱ्यानं निवांत राहायचं. थांबली, की समजायचं वर कुठेतरी पाचोळा अडकून पाणी तुंबलंय, आणि निघायचं. आम्ही तिघं तिथे बराच वेळ उभे होतो. मोटारीत बसून गेलो असतो तर हे दिसलं असतं?

परत आल्यावर ज्याला सांगावं तो म्हणतो, "ते युरोप आहे गं, आपल्याकडे नाही व्हायचं." हे मला पटत नाही. ज्या रेल्वेनं मी वर गेले ती १९०६ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. तिथेही लोक मोटारीनं जायला लागले होते, तिथेही रुळांवर गवत वाढलं होतं. मग त्या प्रांतानं ठरवलं, रूळ दुरुस्त केले, आणि ५ मे २००५ला गाडी पुन्हा धावली. मध्ये पंधरा वर्षं गेली. त्यांच्याकडेही हे आपोआप झालं नाही, कुणीतरी बैठकांना बसलं, भांडलं, पैसे मागितले. आपल्याकडे पाणंद रस्त्यांची सरकारी योजना आहे, कालव्यांचे बांध आहेत, नदीकाठचे शेतरस्ते आहेत. तुकडे आहेत. ते जोडायचं काम कुणाचं, हे विचारायला आपण सुरुवात तरी करू. मी माझ्या माहेरच्या गावच्या ग्रामसभेत, कालव्याच्या बांधाबद्दल, विचारणार आहे. कोपरावरचा व्रण दाखवून विचारणार आहे.

पुढच्या वर्षी, तब्येत साथ देईल तर, टोब्लाख ते लिएंझ करायचं मनात आहे. ड्राव नदीच्या उगमापासून निघून इटलीतून ऑस्ट्रियात उतरायचं, चव्वेचाळीसेक किलोमीटर, आणि रेल्वेनं परत. कुणी केलं असेल तर सांगा, परतीच्या गाडीत सायकलींना जागा मिळते का. आणि पन्नाशी ओलांडलेली, सायकल सोडून दिलेली कुणी बरोबर यायला तयार असेल, तर मला मेसेज करा.