बाटली समोरूनच वाचावी

नागपुरात कूलर म्हटलं की पूर्वी एकच वस्तू डोळ्यांपुढे यायची: खिडकीला टेकवलेला लोखंडी डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आणि दुपारी चारला आतल्या खोलीतून येणारा आवाज, "कूलरमध्ये पाणी टाकलं का बे?" आता फ्रीजमध्येही कूलर असतो, म्हणजे फळांच्या चवीच्या सौम्य दारूची बाटली. २७५ मिलीचा, संत्र्याच्या चवीचा, अंगावर दव साचलेला. पारा ४५ च्या पुढे सरकला की तोच काढावा.

पथ्य एकच. बाटली समोरूनच वाचावी. समोर रसरशीत फोड असते, हिरवं पान असतं. मागे वळवलीत की गेली मजा. तिथे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत आयएनएस (खाण्यापिण्यात मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक) ३३० भेटेल, म्हणजे सायट्रिक आम्ल. ते कुणीतरी लिंबं पिळून काढलं, हा गोड समज जपा; कारखान्यात ते शंभर वर्षांपासून ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीला साखर चारून बनवून घेतात. आयएनएस २११ दिसलं तर ते टिकण्यासाठीचं सोडियम बेंझोएट. आणि आयएनएस ११० असेल तर तो सनसेट यलो, मावळतीचा पिवळा. नावापुरता का होईना, निसर्ग आला की नाही?

मे महिन्यात संत्रं कुठून आलं, असले प्रश्न विचारू नका. त्या दिवसांत काटोलकडचे बागायतदार मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, बागा ताणावर सोडतात, झाडाचं पाणीच तोडतात. बाटलीतला बहार बारमाही आहे, त्याला ना ताण लागतो ना बाग.

दारूचं म्हणाल तर दुकानदारावर विश्वास ठेवा. धरमपेठेतल्या एकाने मला काउंटरवरच दिलासा दिला, "घ्या ना भाऊ, ज्यूसच आहे हे. काही होत नाही याच्यानं." मी घरी येऊन, नको ते, कॅल्क्युलेटर काढला. बाटलीवर ४.८ टक्के लिहिलेलं; २७५ मिलीचे ४.८ टक्के म्हणजे १३.२ मिली अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगात ते भरतं १२.८४. म्हणजे काकांच्या पेगाकडे डोळे वटारून बघणारी मंडळी काकांच्या पुढेच होती, फक्त स्ट्रॉ लावून. ही आकडेमोड तुम्ही करू नका.

साखरेचीही नको. शंभर मिलीला दहा ग्रॅम धरली तरी साडेसत्तावीस ग्रॅम होते, साडेपाच चमचे. चहात अर्धा चमचा जास्त पडला तर कप परत पाठवणाऱ्यांनी तर हा हिशेब ऐकूही नये. साखरेचे ११० कॅलरी, अल्कोहोलचे ७३ (ग्रॅमला सात, तेही फुकटात नाही येत). दोन बाटल्यांत जवळपास चार पोळ्या होतात, पण पोळीवर फळाचं चित्र नसतं.

उरला उन्हाळा. अल्कोहोल लघवी रोखून धरणाऱ्या संप्रेरकाला गप्प बसवतं, त्यामुळे गारवा घशातून उतरतो तो थेट न्हाणीघराकडे निघतो. रात्री दोनला जीभ टाळूला चिकटून जाग येईल. घाबरू नका, उठा, माठातलं दोन पेले पाणी प्या. आणि उठलाच आहात तर बादली घेऊन खिडकीपाशीही जा, त्या कूलरचंही पाणी संपलेलं असेल.