टॅपेटची टिकटिक आणि तंबोऱ्याची जवारी

परवा कॉलेज रोडला सिग्नलवर शेजारी एक पांढरी गाडी येऊन थांबली. काचा बंद, तरी माझ्या गाडीचा आरसा थरथरायला लागला. प्रत्येक ठोक्याला त्या गाडीच्या डिकीचं झाकण खडखडत होतं, नंबरप्लेट वेगळ्याच तालात. बायको म्हणाली, "बघ, तुझे भाऊबंद."

मंडळी, हा डाग पुसायला ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

गाडीत चांगला साउंड हवा असणं आणि गाडीने गल्ली हलवायची असणं या दोन वेगळ्या व्याधी आहेत. पहिलीने पछाडलेले आम्ही सात-आठ जण नाशकात आहोत. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, दोघं अंबडच्या कंपन्यांमधले, एक दिंडोरीचा द्राक्षबागायतदार, एक बँकेतून निवृत्त झालेले काका (यांच्याकडे एलपी इतक्या आहेत की काकूंनी कपाट मागायचं सोडून दिलंय) आणि सातपूरला गॅरेज असलेला एक मेकॅनिक, ज्याला आम्ही सगळे मास्तर म्हणतो. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला गाड्या लावायच्या, एकमेकांच्या गाडीत बसून ऐकायचं, मग मिसळ. बस, एवढाच कार्यक्रम.

तिथे कुणी तिसरा येऊन उभा राहिला तर त्याला कळत नाही की बोलणं गाडीचं चाललंय की गाण्याचं. "डॅम्पिंग कमी पडतंय." "सस्पेन्शन फार कडक आहे रे." "खाली दम आहे, पण वर गेली की किरकिरते." यातलं कुठलंही वाक्य इनोव्हाबद्दल असू शकतं आणि दारातल्या सहा इंची मिडबास स्पीकरबद्दलही. आणि हा योगायोग नाही. स्पीकरचा कोन मागे-पुढे पिस्टनसारखाच हलतो. तो ज्या जाळीवर आणि रबरी कडेवर तोललेला असतो त्यांना सस्पेन्शनच म्हणतात. वजन, स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगला वेळेवर आवरणारं काहीतरी: गाडीच्या चाकाचं आणि स्पीकरचं गणित एकच. मागे डॉक्टरांच्या गाडीत तबला ऐकताना बायाँचा घुमारा थांबायचं नाव घेईना. मास्तर डोळे मिटूनच म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या वूफरचे शॉकअप गेलेत." स्पीकरच्या पुस्तकात पानभर सूत्रं घालून जे सांगतात ते एवढंच असतं.

माझ्या मते गाडीचा नाद आणि चांगल्या रेकॉर्डिंगचा नाद हे दोन शौक नाहीतच. एकच खोड आहे. जे वाजायला नको ते वाजलं की ज्याला झोप लागत नाही, तो माणूस दोन्हीकडे सापडतो.

मला ही खोड अण्णांकडून आली. माझे वडील मायकोत होते. सातपूरच्या त्या कारखान्याचं नाव बदलून बॉश झालं तरी चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात, आणि अण्णांसाठी कंपनी मायकोच राहिली. त्यांचं काम नोझल टेस्टिंगचं. डिझेल इंजेक्टरचं नोझल हातपंपाच्या टेस्टरला लावायचं, दांडा दाबायचा, गेजवर प्रेशर बघायचं, फवारा बघायचा आणि ऐकायचं. चांगलं नोझल उघडताना बारीक कर्रर्र असा तुटक आवाज करतं. तो आवाज मोकळा आला नाही, तर फवारा दिसायला ठीक असला तरी नोझल बाजूला. दिवसभर हेच. त्यामुळे घरी जेवताना बाहेरून टेम्पो गेला की घास हातात धरून अण्णा म्हणायचे, "चार नंबरचं गळतंय." आई म्हणायची, "आमटी पण गळतेय, शर्टावर."

या गावात असे कान पुष्कळ आहेत. स्कॉर्पिओ, बोलेरो, थार जिथे बनल्या, त्यांचे सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप जिथे आहेत, तिथल्या घराघरात कुणीतरी असा एक असतो.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. म्हणायची मात्र फियाटच. तिच्यात अण्णांनी कॅसेट प्लेयर बसवलेला, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर. आणि त्यांचा एक नियम होता: इंजिन आणि गाणं एकदम ऐकायचं नाही. टॅपेटची (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक आल्यासारखी वाटली की आधी टेप बंद. आणि गाणं ऐकायचं तर गाडी बंद. कसारा घाट चढून आलं की फियाट तापलेलीच असायची. बाजूला घेऊन बॉनेट उघडायचं, इंजिन निवायला पंधरा-वीस मिनिटं द्यायची, आणि तेवढ्यात कॅसेट. बाहेर धुकं, बॉनेटमधून वाफ, आणि आत बापूराव पलुस्कर. त्यांच्या वडिलांनी, गायक विष्णु दिगंबरांनी, पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला, त्यामुळे बापूराव म्हणजे आमच्या घरी गावातलेच. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायच्या आधी. म्हणजे त्यांचं आपण जे ऐकतो ते मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज), आणि बरंचसं साडेतीन मिनिटांच्या आत बसवलेलं. हा मोनोचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

चालत्या गाडीत गाणं वाजवायची धडपड फार जुनी. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटारीत बसणारा रेडिओ काढला आणि 'मोटर'ला त्या काळच्या ग्रामोफोनांसारखं 'ओला' शेपूट लावून मोटोरोला नाव दिलं. १९५६ मध्ये तर क्रायस्लरने डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेयर बसवला! मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी फिरणाऱ्या खास तबकड्या, खड्ड्यात सुई उडू नये म्हणून ती जोरात दाबलेली. ती तबकडी दुसऱ्या कुठल्या कंपनीची मिळत नव्हती, त्यामुळे प्रकार लवकरच बारगळला. पुढे कॅसेट, सीडी, ब्लूटूथ. आता तर बेंटलीत नेम आणि पोर्शेत बर्मेस्टर अशा बड्या कंपन्यांची साउंड सिस्टिम मिळते. आपल्याला त्याचं काय, आपण ईएमआयवाले.

पण एक गोष्ट यातल्या कुणालाच बदलता आली नाही. चालती गाडी ही ऐकायची जागा नव्हे.

मी फोनवरच्या ॲपने मोजून पाहिलं. मुंबई-आग्रा हायवेवर ऐंशीच्या वेगाला माझ्या गाडीत अडुसष्ट ते सत्तर डेसिबल. समृद्धीवर काँक्रीटमुळे टायर आणखी घोंघावतात, तिथे त्याच्याही वर. सीडीची सोळा बिट क्षमता ९६ डेसिबलची. म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात एवढं अंतर राखता येतं. आता आलापाची सुरुवात, जिथे गळा नुसता श्वासावर असतो, ती सत्तरच्या वर आणायची तर पुढची तान कानठळ्या बसवणार. मग रेकॉर्डिंगवाले काय करतात? हळू आवाज वर उचलतात, मोठा दाबतात. सगळं एका पातळीला. टायरच्या आवाजात ऐकू येतं खरं, पण गाणं इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. गेल्या तीसेक वर्षांत निघालेलं पुष्कळसं फिल्मी संगीत या रोलरखालून गेलंय. आणि आपण त्याच्यावर लाखाचा ॲम्प्लिफायर लावून म्हणतो, "मजा नाही येत यार." कुठून येणार? दाबलेलं ते स्टुडिओत दाबलंय.

याच्या उलट टोकाचं उदाहरण द्यायचं तर मोहनवीणावादक विश्वमोहन भट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ मध्ये सांता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये वाजवलेलं 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. दोघं पहिल्यांदा भेटले तेच रेकॉर्डिंगच्या आधी तासाभरात. पुढे त्याला ग्रॅमी मिळालं, ते सोडा. रेकॉर्डिंग बघा: मोजके मायक्रोफोन, वाल्ववरची यंत्रणा, थेट टेपवर. मायक्रोफोन मांडायची पद्धत ॲलन ब्लूमलाइनची. या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्येच स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांना काटकोनात. बास. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला, आणि स्टिरिओ तबकडी लोकांच्या घरात पोचली ती पन्नाशीचं दशक संपता संपता. हे रेकॉर्डिंग गाडी बंद करून ऐका. मोहनवीणेच्या मागे भिंत किती लांब आहे ते कळतं. गाडी चालू केली की ती भिंत पहिली जाते, मग तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा जातात, मग उरते ती नुसती धून.

आमच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्येही खाण आहे. संतूर-बासरी-गिटारची १९६७ सालची ती प्रसिद्ध एलपी, 'कॉल ऑफ द व्हॅली', काकांकडे आहे. तिच्यावरून त्यांनी स्वतः उतरवून घेतलेली फाइल आम्ही प्रत्येक नव्या गाडीत आधी लावतो. नाशिक ढोल मात्र कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नीट सापडलेला नाही. मिरवणुकीत समोर उभं राहिल्यावर टिपरूचा जो चटका छातीला बसतो तो फाइलमध्ये नसतो. लोक बास वाढवून तो भरून काढायला बघतात आणि बदबद आवाज येतो. तो चटका बासमध्ये नाहीच मुळी, कातडं आणि काठी एकमेकांना भिडतात त्या क्षणात आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की खर्चाचा क्रम आपण उलटा लावलाय. आधी सबवूफर, मग ॲम्प, मग 'काहीतरी ऐकायला'. त्याच्याऐवजी आधी दारात ब्युटाइलचे (पत्र्याची थरथर दाबणारे चिकट रबरी) डॅम्पिंग शीट लावा. दाराचा पत्रा पातळ असतो, स्पीकरबरोबर तोही गायला लागतो, आणि त्याला सूर नसतो. मग दोन बरे कॉम्पोनंट (वूफर आणि ट्विटर वेगवेगळे असलेले) स्पीकर. आणि मग चांगली रेकॉर्डिंग शोधण्यात वेळ घालवा. गाणं ब्लूटूथवरून नको, वायरने वाजवा.

आता माझी फजिती. चार वर्षांपूर्वी एका दुकानात ॲम्प बसवून घेतला. घरी येईपर्यंत मागून 'ऊंऽऽ' असा आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की पट्टी चढते, सोडला की उतरते. दुकानदार म्हणाला, "साहेब, इंजिनचा आवाज आहे, सगळ्यांना येतो." दोनदा गेलो, दोनदा हेच. तिसऱ्यांदा मास्तरकडे गेलो. त्याने कार्पेट उचललं. बॅटरीची जाड वायर आणि सिग्नलची वायर एकाच बाजूने, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून मागे गेलेल्या. अर्थची वायर रंगावरच आवळलेली. त्याने सिग्नल दुसऱ्या बाजूने नेला, अर्थच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला. अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं) गाणं बंद. पैसे घेतले नाहीत, मिसळ घेतली.

त्यानंतर मी डीएसपी (स्पीकरला जाणारा आवाज हवा तसा बदलणारी डिजिटल पेटी) आणला आणि टाइम अलाइनमेंटच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज कानाशी एकदम पोचवायच्या, नादी लागलो. गाडीत आपण मध्यभागी बसत नाही हे सगळ्या दुखण्याचं मूळ. माझ्या कानापासून उजव्या दारातला स्पीकर साधारण ८० सेंटीमीटर, डाव्यातला १४०. आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे डावा स्पीकर सुमारे पावणेदोन मिलिसेकंद मागे. कानाला एवढं पुरतं, सगळं उजवीकडे कलतं. डीएसपीत उजव्याला तेवढंच थांबवलं की गायक उठून समोर डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी पार्किंगमध्ये एकटाच हसलो. तीन रविवार टेप घेऊन मोजमापं केली. ग्रुपमध्ये वाहवा झाली. डॉक्टर तर ड्रायव्हर सीटवरून उठेनात.

मग अण्णांना घेऊन गेलो. आता ८१ वर्षांचे आहेत, कान अजून शाबूत. धरणाच्या बाजूला गाडी लावली, इंजिन बंद केलं, बापूरावांचं भजन लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय, आता म्हणतील, मग म्हणतील. दोन मिनिटं काही नाही. मग त्यांनी डावीकडे मान वळवली, दाराच्या खालच्या खणात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे बापूराव माझ्या दारात का बसलेत?"

मी कपाळाला हात लावला. त्यांच्या सीटला डावा स्पीकर जवळचा, आणि लांबचा जो उजवा, त्याला मीच वर आणखी उशीर करून ठेवलेला. स्टिरिओ असतं तर थोडंफार लपलं असतं. मोनो. गायक एकच, आणि तो सगळाच्या सगळा दारात.

तिथेच लॅपटॉप काढला. उजव्याचा उशीर शून्य, डाव्याला पावणेदोन. दुसरा प्रीसेट (तयार सेटिंग) म्हणून सेव्ह केला, नाव 'अण्णा'. पुन्हा भजन लावलं. या वेळी माझ्या बाजूला सगळं विस्कटलेलं, बापूराव माझ्या दारात. अण्णांनी डोळे मिटले. भजन संपलं तरी उघडले नाहीत. एक बोट वर केलं, म्हणजे अजून एक. असे पाच झाले. मिसळ राहिली.

निघताना मी गाडी चालू केली आणि सवयीने आवाज वाढवायला हात नेला. त्यांनी माझा हात धरला. "थांब. बंद कर ते आधी. बेल्ट कुरकुरतोय तुझा."

उद्या मास्तरकडे जातोय.