दोर कुणाच्याही हाती असो

विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नियुक्तीत वशिला चालतो, या विषयावरच्या लेखात सगळा दोष राज्यपालांवर ढकलला आहे, ते अर्धसत्य वाटलं. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडी सरकारने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर करून घेतली होती, ती आठवून बघा. कुलगुरूपदासाठी उमेदवार सुचवणाऱ्या शोध समितीने पाच नावं सरकारला द्यायची, सरकारने त्यातली दोन राज्यपालांकडे पाठवायची आणि वर उच्चशिक्षण मंत्रिमहोदय प्र-कुलपती, म्हणजे कुलपती असलेल्या राज्यपालांच्या खालोखाल! पुढे सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. तेव्हा विरोधात बोलणारे आज सत्तेत आहेत, आणि आजचे विरोधक त्या वेळी बाकं वाजवत होते.

केरळमध्येही तेच. कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केली. का, तर नियुक्तीचा अधिकार कुलपतींचा असताना राज्य सरकारने त्यात नको तेवढी ढवळाढवळ केली म्हणून. म्हणजे वशिला राज्यपालांमार्फत दिल्लीचा की राज्य सरकारचा, एवढाच प्रश्न उरतो.

खरी मेख शोध समितीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत तीन ते पाच नावांची यादी आणि प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव, हे सगळं आहे. पण समितीवर कोण बसणार हे ज्याच्या हाती, त्याचाच माणूस यादीत येतो (मुलाखती मात्र अगदी रीतसर होतात). यादीतल्या प्रत्येक उमेदवाराला कशासाठी निवडलं, याची कारणं नियुक्तीआधी संकेतस्थळावर टाका ना! त्याला कायदा बदलायचीही गरज पडू नये. पण असं कुठलाच पक्ष मागणार नाही.