सायकल शिकवणाऱ्यांनी रस्त्याबद्दल बोलावे का?

आमच्या संस्थेत दर काही महिन्यांनी एक जुना वाद नव्याने उभा राहतो. आम्ही सगळे स्वयंसेवक आहोत. सुट्टीच्या सकाळी मोकळ्या मैदानावर मुलांना सायकल शिकवतो आणि उरलेल्या वेळात रस्ते मुलांसाठी सुरक्षित व्हावेत म्हणून मोजमापे घेतो, पत्रे लिहितो, बैठकांना जाऊन बसतो. वाद होतो तो या दुसऱ्या कामावरून. आपण फक्त शिकवावे, त्याला कोणाचाच विरोध नसतो. वेगमर्यादा आणि पार्किंगच्या भानगडीत पडलो की आतापर्यंत कौतुक करणारी माणसेच दुरावतात, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे असते. मीही बराच काळ याच मताची होते. आता नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहिते.

आधी शिकवण्याविषयी. मागून सीट धरून धापा टाकत धावणारे आईवडील हे चित्र प्रेमळ खरे, पण शिकण्याच्या दृष्टीने फारसे उपयोगाचे नाही, कारण तोल धरणाऱ्याच्या हातात राहतो आणि मुलाच्या अंगात उतरत नाही. बाजूला लावलेली छोटी चाके तर सायकलला कलूच देत नाहीत, आणि कलणे व सावरणे हेच तर शिकायचे असते. म्हणून आम्ही पायडल काढून ठेवतो आणि सीट इतकी खाली घेतो की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत. मूल आधी सायकलवर बसून चालते, मग लांब ढांगा टाकते आणि कधीतरी स्वतःच्याही नकळत पाय उचलून चार-पाच मीटर तरंगत जाते. सायकल ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हँडल किंचित वळवायचे असते, हे त्याला सांगावे लागत नाही. पायडल पुन्हा बसवले की बहुतेकांना ते थोड्याच वेळात जमते. गंमत म्हणजे सायकलचा इतिहासही याच क्रमाने घडला आहे. १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइस यांनी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून जे दुचाकी यंत्र चालवत नेले, त्याला पायडल नव्हतेच. जमिनीवर पाय मारत ते पुढे न्यावे लागे, आणि पायडल यायला त्यानंतर काही दशके जावी लागली.

तोल हा मात्र या शिक्षणाचा सर्वांत छोटा भाग आहे, हे पालकांना पटवून देणे अवघड जाते. मूल पडायचे थांबले की त्यांच्या लेखी सायकल आली. प्रत्यक्षात त्यानंतर दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबणे, आखलेल्या रेषेवर नेमके थांबणे, एक हात सोडून वळण्याची खूण करणे आणि उभ्या मोटारीच्या बाजूने जाताना तिचा दरवाजा अचानक उघडेल हे गृहीत धरून पुरेसे अंतर ठेवणे असे बरेच काही उरते. निघण्यापूर्वी चाकांतली हवा, ब्रेक आणि चेन तपासणे हे त्यातले सोपे काम. तेल-वंगणाने हात काळे करायला मुले आनंदाने तयार असतात.

सर्वांत कठीण असते ते चालत्या सायकलवरून मागे वळून पाहणे. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हात जातो आणि हाताबरोबर हँडल. सायकल सरळ रेषा सोडून नेमकी जिकडून वाहन येत असेल तिकडे सरकते. याचा सराव म्हणून शिकवणारा मागे उभा राहून काही बोटे दाखवतो आणि मुलाने वळून ती मोजून सांगायची असतात. एकदा नऊ वर्षांच्या एका मुलीने तीन बोटे अचूक सांगितली, सायकलही रेषेवर ठेवली आणि थांबल्यावर म्हणाली, "ताई, बोटे दिसली, पण तेवढ्या वेळात पुढचे काहीच दिसले नाही."

तिने आमच्या सगळ्या शिक्षणाची मर्यादा एका वाक्यात सांगितली होती. मैदानावर मागे बोटे असतात आणि पुढे मोकळी जागा. रस्त्यावर मागे ट्रक असतो, पुढे खड्डा असतो आणि बाजूने कोणीतरी घाईत बाहेर पडत असते. प्रौढ माणूस हे सगळे एका नजरेत जुळवतो ते वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे. मुलाच्या बाबतीत सवयीचा प्रश्न आहेच, शिवाय दृष्टीच्या वाढीचाही आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जवळ येणारी गाडी मुलांना नीट जोखता येत नाही. दूरवरची गाडी डोळ्यांत किती झपाट्याने मोठी होते यावरून आपण वेग ओळखतो, आणि ती वाढ टिपण्याची मुलांची क्षमता अजून पक्की झालेली नसते. ही क्षमता वाढवण्याचा तास मी घेऊ शकत नाही.

उरते ते गाडीचा वेग कमी करणे. इथे एक साधे गणित मला नेहमी उपयोगी पडते. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद लागतो असे धरू. ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर त्या सेकंदासकट साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार त्या पहिल्याच सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथून दुसरी ब्रेक लागण्याआधीच, आपल्या पूर्ण वेगात पुढे जाते. मधे मूल असेल तर त्याने हेल्मेट नीट बांधले होते की नाही, यावर त्यानंतर चर्चा होते. हेल्मेट आम्ही घालायला लावतोच, पण पडण्याच्या आघातासाठी बनवलेल्या वस्तूकडून पूर्ण वेगातल्या मोटारीला तोंड देण्याची अपेक्षा करणे मला मान्य नाही.

केवळ शिकवून काय होते याचा एक मोठा प्रयोग इतिहासाने करून ठेवला आहे. ब्रिटनमध्ये १९४७ पासून मुलांच्या सायकलच्या परीक्षा सुरू झाल्या, १९५८ मध्ये हे प्रशिक्षण देशपातळीवर गेले, बिल्ले वाटले गेले. शिकवण्यात काही कमी नव्हते. तरीही १९४९ ते १९७३ या काळात तिथला सायकलप्रवास जवळपास एक षष्ठांशावर आला, कारण त्याच वर्षांत रस्ते मोटारींच्या सोयीने आखले जात होते आणि शिकलेली मुले ज्या रस्त्यांवर उतरणार ते त्यांचे उरले नव्हते. नेदरलँड्समध्येही सुरुवात अशीच होती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्यांची मुलगी अपघातात गेली अशा एका पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला आणि त्यातून 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांच्या हत्या थांबवा', ही चळवळ उभी राहिली. हे नाव मला अजूनही कानाला टोचते, आणि ते टोचावे म्हणूनच ठेवले असणार. आईवडील आणि मुले रस्ते अडवून बसली, तिथे खेळली. त्या दशकात आणि पुढे तिथे निवासी गल्ल्यांतून वाहनांचा वेग उतरवला गेला, मोठ्या रस्त्यांवर सायकलचे मार्ग वेगळे झाले. मुलांचे शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. ११-१२ वर्षांची डच मुले आजही वाहतुकीची परीक्षा देतात, तीही खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून. आज तिथल्या सगळ्या प्रवासफेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक सायकलने होतात, तर इंग्लंडमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळते.

हा सगळा फरक एका चळवळीने घडवला असे मी म्हणणार नाही. अंतरे, इंधनाचे संकट, शहरांची रचना अशी बरीच कारणे त्यात आहेत. पण रस्ता न बदलता मुलांना तयार करत राहणे ही संस्था म्हणून आमची तटस्थता ठरते, हे मला आता पटत नाही. त्यातून एक अबोल संदेश जातो की सावध राहण्याची जबाबदारी मुलाची, आणि काही झाले तर मूल कुठेतरी चुकले असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे. इतकी मुले बेसावध असू शकत नाहीत.

"मुलांना धोक्याची सवय व्हायलाच हवी," असे ऐकवले जाते. मला हे अर्धे मान्य आहे. गुडघा फुटण्याच्या धोक्याची सवय जरूर व्हावी. आमच्या मैदानावर ती रोज होते. ज्या चुकीतून शिकायला मूल उरतच नाही, तिची सवय होत नसते.

आम्ही मागतो तरी काय? चौकाच्या अगदी तोंडाशी गाड्या उभ्या राहू नयेत, म्हणजे लहान उंचीचे मूल चालकाला दिसेल. कोपऱ्याची वळणे इतकी ऐसपैस नसावीत की मोटार वेग न उतरवता वळून जाईल. शाळा भरताना आणि सुटताना दारासमोरचा रस्ता अर्धा तास वाहनांना बंद असावा. आणि ताशी ३० ची पाटी लावून न थांबता रस्त्याची रचनाच अशी असावी की त्याहून जोरात जाणे चालकाला अवघड वाटावे. यातले काही थोडा रंग आणि काही खांब वापरून एका दिवसात करून पाहता येते, आणि नाही जमले तर काढताही येते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो: "मग आता हिला सायकलने शाळेत पाठवू ना?" पूर्वी मी हसून विषय बदलत असे. आता आम्ही प्रमाणपत्राबरोबर परिसराचा एक नकाशा देतो, जो मुलांनीच मोठ्यांबरोबर फिरून रंगवलेला असतो: हिरव्या गल्ल्या एकट्याने जाण्याजोग्या, पिवळ्या सोबतीने, आणि तांबड्या ठिकाणी उतरून सायकल हातात धरून चालायचे. बोटे मोजणाऱ्या त्या मुलीच्या वाटेवर घर ते शाळा सगळे हिरवे-पिवळे आहे, फक्त एक चौक तांबडा आहे. त्या चौकाबद्दलचे आमचे तिसरे पत्र या आठवड्यात जाणार आहे. सोबत मुलांनी दोन सकाळी केलेली वाहनांची मोजणी आणि कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे जोडली आहेत. मसुदा तयार आहे. ज्यांना तो वाचून सही करायची असेल त्यांनी मला निरोप पाठवावा.