फ्रेझरचा हुक पायातून यायचा

दर मार्चमध्ये तो एक फोटो फिरतो. 8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी फेरी. लाल चड्डीतला मुहम्मद अली पाठीवर पडलेला आणि शेजारून जो फ्रेझर निघालेला. खालच्या कॉमेंट ठरलेल्या असतात, "काय ताकद होती राव हातात!" ताकद होतीच. पण नुसत्या ताकदीचे हेवीवेट तेव्हा पैशाला पासरी होते. फ्रेझरचा तो लेफ्ट हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा डाव्या हाताचा ठोसा, ही बांधून काढलेली वस्तू होती. ती कशी बांधली होती हे समजलं तर त्याची अख्खी कारकीर्द उलगडते. जिंकलेल्या 32 लढतीही आणि हरलेल्या 4 सुद्धा.

सुरुवात हाताच्या दोषापासून. जन्म 12 जानेवारी 1944, साउथ कॅरोलिनातलं ब्यूफर्ट, बारा भावंडांत शेवटचा. लहानपणी डुक्कर मागे लागलं, पळताना पडला आणि डावा हात जबर दुखावला. डॉक्टरकडे न्यायला पैसे नव्हते. हात जसा जुळला तसा जुळला, कोपरात वाकलेला, पुन्हा कधी पूर्ण सरळ न होणारा. आता बॉक्सिंगचा पहिला धडा काय, तर डावा हात सरळ करून जॅब (समोरचा झटपट सरळ ठोसा) मारा. इथे तोच दरवाजा अर्धा बंद. उलट हुकला लागणारा कोपराचा बाक मात्र कायमचा तयार. झाडाला टांगलेल्या, चिंध्या-विटा भरलेल्या गोणपाटावर हे पोर तोच हात आपटत राहिलं.

पुढे फिलाडेल्फिया. कत्तलखान्यात नोकरी, आणि वजन उतरवायचं म्हणून पोलिसांनी चालवलेल्या जिममध्ये येणं-जाणं. तिथे यँक डरहॅम या ट्रेनरच्या नजरेत भरला. 1964 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता, पण मॅथिसचा हात दुखावला म्हणून टोकियोला हा गेला. उपांत्य फेरीत डाव्या हाताचा अंगठा मोडला. कुणाला न सांगता अंतिम लढत खेळला आणि 3-2 ने सुवर्ण घेऊन आला. अमेरिकेचं त्या वर्षीचं बॉक्सिंगमधलं ते एकमेव सुवर्ण.

आता हुककडे. उंची 5 फूट साडेअकरा इंच, हाताची पोच 73 इंच. अली 6 फूट 3 इंच, पोच 78. म्हणजे लांबून मारामारी केली तर फ्रेझर आधीच हरलेला. त्याला समोरच्याच्या छातीला छाती भिडेपर्यंत आत शिरावं लागायचं, आणि शिरताना डोकं एका जागी ठेवायची सोय नव्हती. एडी फच हा दुसरा ट्रेनर डरहॅमच्या जोडीला आला, त्याने रिंगमध्ये आडव्या दोऱ्या बांधल्या आणि फ्रेझरला त्यांच्याखालून डावी-उजवीकडे झुकत पुढे सरकायला लावलं. बॉब अँड वीव्ह म्हणतात ते हेच.

हा व्यायाम घरीही होतो. दोरी खांद्याच्या उंचीला बांधा. डोकं दोरीच्या एका बाजूला, गुडघे वाकवून खाली, दुसऱ्या बाजूला वर, अर्धं पाऊल पुढे. वाकायचं ते गुडघ्यात. कंबरेत वाकलात की डोकं पायाच्या बोटांपुढे जातं, नजर जमिनीकडे वळते आणि अपरकटसाठी (खालून वर हनुवटीवर येणारा ठोसा) हनुवटी ताटात वाढल्यासारखी होते. हे वाक्य लक्षात ठेवा, किंग्स्टनला परत लागणार आहे.

फ्रेझरचा क्रम असा असायचा. समोरच्याचा जॅब आला की डोकं उजवीकडे. मागोमाग राइट, म्हणजे उजव्या हाताचा ठोसा, आला की त्याच्या खालून डावीकडे, आणि इथे सगळं वजन डाव्या पायावर उतरायचं. दाबलेल्या स्प्रिंगसारखी अवस्था. मग डाव्या पायाची टाच बाहेर वळते, तिच्यामागे गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी, कोपर साधारण काटकोनात. वजन उजव्या पायावर जाऊन थांबतं. हात स्वतः फार लांब जातच नाही, खांद्याबरोबर फिरतो एवढंच. म्हणजे चुकवणं आणि मारणं ही दोन कामं नव्हतीच. चुकवलं की मारायची तयारी आपोआप झालेली.

नवी पोरं इथे चुकतात ते ठरलेल्या जागी. एक तर हुक मारण्याआधी हात मागे खेचतात, जणू दगड भिरकावायचाय. समोरच्याला चिठ्ठी पाठवून कळवल्यासारखं होतं ते. दुसरं, कोपर खाली पडतं आणि मुठीऐवजी ग्लव्हची आतली बाजू लागते, चापट बसते. तिसरं, टाच जमिनीला चिकटलेली राहते, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि महिनाभरात गुडघा बोलायला लागतो. आणि चौथं म्हणजे डावा हात निघाला की उजवा गालावरून सुटतो. या चौथ्याचा नमुना पाहायचा तर खुद्द अली पाहा, कारण 1971 ची लढत त्याच जातीच्या चुकीवर फिरली.

फचने अलीच्या फिल्म पाहून एक गोष्ट हेरली होती. राइट अपरकट मारताना अली सरळ उभा राहतो आणि उजवा हात खाली नेतो. तेवढा वेळ त्याच्या उजव्या गालापुढे काही नसतं. फ्रेझरला सांगितलं ते इतकंच: तो हात खाली जाताना दिसला की हुक सोडायचा, अपरकट लागतोय का याची वाट बघायची नाही. अकराव्या फेरीत अली हुकनेच डळमळला. पंधराव्यात उजवा हात खाली गेला आणि पुढचं फोटोत आहे. तिन्ही पंचांची गुणकार्डं फ्रेझरकडे, फेऱ्यांच्या हिशेबात: 8-6-1 (एक बरोबरीत), 9-6, 11-4. शेवटचं कार्ड जरा जास्तच उदार वाटतं, पण निकालात माझ्या मते वाद नाही. दोघांना ठरलेले पंचवीस-पंचवीस लाख डॉलर मिळाले, आणि जिंकलेला माणूस नंतर हॉस्पिटलात पडून होता.

इथेच या पद्धतीचा हिशेब दिसतो. आत शिरायचं तर वाटेत मार खाऊन शिरायचं. शिवाय हे इंजिन तापायला वेळ घ्यायचं. पायांची आणि डोक्याची लय जमेपर्यंत एक-दोन फेऱ्या जायच्या, आणि तेवढ्यात तो सापडायचा. 1966 मध्ये ऑस्कर बोनावेनाने दुसऱ्याच फेरीत त्याला दोनदा पाडलं होतं. एकदा आणखी पडला असता तर न्यूयॉर्कच्या नियमाने लढत तिथेच संपली असती. निभावला, गुणांवर जिंकला.

22 जानेवारी 1973 ला जमैकात किंग्स्टनला निभावलं नाही. समोर जॉर्ज फोरमन, दोन फेऱ्या, फ्रेझर सहा वेळा खाली. लोक म्हणतात फोरमनच्या राक्षसी ठोशांपुढे काय चालणार. अर्धवट उत्तर आहे ते. फिल्म हळू करून बघा. फोरमन दोन्ही हात लांब करून फ्रेझरचे खांदे नि हात ढकलतो. फ्रेझरचा तोल मागे, वजन टाचांवर. हुकला हवं असलेलं अंतर मोडलं, डाव्या पायावरचा दाब गेला. तो परत आत शिरायला वाकतो, आता कंबरेतून, आणि तिथे अपरकट उभाच आहे. ढकल, थांब, अपरकट. नियमाच्या काठावरचं काम, पण रेफरी रोखत नाही तोवर चालतं. एका फेरीत सुधारता येण्यासारखी ही चूक नव्हती, कारण ढकललं जाणार नाही असं लांब उभं राहणं या शरीराला परवडणारच नव्हतं. 1976 च्या दुसऱ्या लढतीत त्याने मागे सरकून, फिरून पाहिलं. पाचव्या फेरीपर्यंत टिकला, इतकंच.

अलीनेही जानेवारी 1974 मध्ये, दोघांच्या दुसऱ्या लढतीत, याचाच सौम्य अवतार वापरला. फ्रेझर आत आला की मानेमागे हात घालून डोकं खाली दाबायचं, क्लिंच (मिठीत अडकवून ठेवणं), पुन्हा पहिल्यापासून. बारा फेऱ्या, गुणांवर अली. तिसऱ्या लढतीत, मनिलात (म्हणजे खरं तर शेजारच्या केझॉन सिटीत) 1 ऑक्टोबर 1975 ला रेफरी कार्लोस पाडिया होता आणि तो मान धरलेला हात झटकून काढायचा. मधल्या फेऱ्यांत फ्रेझरने अलीच्या बरगड्या फोडून काढल्या त्यात याचाही वाटा आहे.

आणि मग डोळा. फ्रेझरच्या डाव्या डोळ्यात कारकिर्दीत बराच काळ मोतीबिंदू होता. त्याने तो लपवला आणि नंतर स्वतःच सांगून टाकलं. भिस्त उजव्या डोळ्यावर. मनिलात तोच डोळा सुजून मिटत गेला. अलीचा राइट येतो फ्रेझरच्या डाव्या बाजूने, म्हणजे नेमका अधू डोळ्याच्या अंगाने. तेराव्या फेरीत फ्रेझरचं माउथपीस (दातांवरचं संरक्षक कवच) उडून प्रेक्षकांत गेलं. चौदाव्यात राइट एकामागून एक बसत होते आणि त्याला ते निघताना दिसतच नव्हते. पंधरावीला उठू न देता फचने लढत थांबवली. "तीन मिनिटं राहिली होती, अलीही संपला होता," हा युक्तिवाद पन्नास वर्षं चालू आहे. चालू द्या. ज्याला ठोसा दिसत नाही त्याची डोकं हलवायची पद्धतच उरत नाही, आणि ती गेली की फ्रेझर म्हणजे समोर उभी बॅग. शिवाय तो तिन्ही कार्डांवर मागे होता. फचने रिंगमध्ये जीव गेलेले बॉक्सर पाहिले होते. माझ्या लेखी त्या सकाळचा सगळ्यात अचूक निर्णय त्याचा.

अलीने त्याला गोरिला म्हटलं, गोऱ्यांचा चमचा म्हटलं, तेही अलीचा बॉक्सिंगचा परवाना रद्द असताना ज्याने त्याच्यासाठी शब्द टाकला त्याला. फ्रेझर ते विसरला नाही. लोक याला कडवटपणा म्हणतात. मला तरी तो हिशोबाचा पक्का वाटतो.

यकृताच्या कॅन्सरने 7 नोव्हेंबर 2011 ला गेला. फिलाडेल्फियात एका सिनेमातल्या बॉक्सरचा पुतळा कितीतरी वर्षं मिरवत होता, या खऱ्याचा उभा राहिला 2015 मध्ये. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या जिमच्या वरच्या मजल्यावर तो राहायचा, तिथे नंतर फर्निचरचं दुकान आलं.

तर पुढच्या मार्चमध्ये तो फोटो आला की फोटोवर थांबू नका, फिल्म लावा. पंधरावी फेरी, सुरुवातीचं अर्धं मिनिट. पहिल्यांदा अलीचा उजवा हात तेवढा बघा, कधी खाली जातो ते. दुसऱ्यांदा फ्रेझरची डावी टाच.